खालून सांगणाऱ्यांस, वरून

रा. रा. साहेब यांस,


काल रात्री साडेनऊला मुंबईहून आपला फोन आला. "तात्या, एकच फांदी आहे हो. पाच मिनिटांचं काम." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. फोटोत कौलारू घर, कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी आणि खाली आपली नवी गाडी. अख्खं झाड काही फोटोत मावलेलं नव्हतं.

उत्तर खासगीत द्यायचं ते चव्हाट्यावर देतो आहे, कारण एक फांदीवाली झाडं आमच्या तालुक्यात फार झाली. जयगडपासून गावखडीपर्यंत मी पंचवीस वर्षं चढतो आहे. एकच फांदी असलेलं झाड मला अजून भेटायचं आहे, आणि पाच मिनिटांचं काम असलेला साहेबही. नाव कोणाचं घालत नाही. ज्याच्या आवारात झाड आहे त्याने ते आपल्याला लागू समजावं.

आधी माझी ओळख. पुण्यात शिकणारा भाचा मे महिन्यात आला होता. म्हणाला, "मामा, परदेशात तुम्हाला ट्री सर्जन म्हणतात." नुसतं म्हणून थांबला नाही, शंभर कार्डं छापून आणली. वर नाव, खाली 'वृक्ष शल्यविशारद'. तोवर मी 'तो माडावर चढणारा' होतो. सर्जन म्हटल्यावर दोन दिवस मलाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी फरक ध्यानात आला. सर्जन झोपलेल्या माणसाला कापतो. मी ज्याला कापतो त्याच्याच खांद्यावर बसलेला असतो. सर्जनच्या पेशंटचे नातेवाईक बाहेर बाकावर गप्प बसतात; माझ्या पेशंटचे खाली उभे राहून "अजून जरा डावीकडे घ्या" म्हणतात. आणि ऑपरेशन आटपल्यावर "कापलेला पाय तुम्हीच घेऊन जा, त्यातच तुमची फी वळती करा," असं कोणत्याही डॉक्टरला कोणी सांगत नाही. मला दर आठवड्याला सांगतात. "लाकूड न्या की हो, तुमचाच फायदा." साहेब, रायवळ आंब्याच्या ओल्या फांदीला वखारवाला काय देतो ते एकदा विचारून बघा. टेम्पोचं भाडं मात्र आधी विचारा.

आता ती पाच मिनिटं.

पहिलं, मी चढतच नाही. झाडाभोवती फिरतो. आपल्याला वाटतं, तात्या विडी ओढायला जागा शोधतोय. मी बघत असतो बुंध्याशी भुसा पडलाय का. पडला असेल तर आत भिरूड आहे. कोयता उलटा धरून खोडावर ठोकतो. भरीव खोड ठक् म्हणतं, पोकळ खोड ढप् म्हणतं, आणि ढप् ऐकल्यावर माझा दर बदलतो. मग गडगा बघतो. आपण गेल्या वर्षी चिऱ्याचा नवा गडगा घातलात, त्याचा पाया खणताना झाडाच्या एका बाजूची मुळं गेली. जांभ्यात मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. ती तोडली की झाड उभं असतं ते सवयीने.

मग जात बघतो. चिंच वाकते, पण धरून ठेवते. शेवग्यावर शहाण्याने चढू नये. काजू दगा देतो. आणि जांभूळ सगळ्यांत वाईट, दिसायला दणकट आणि मोडते ती न सांगता. आंब्याचं म्हातारं झाड बाहेरून हिरवंगार आणि आत डबा. यातलं काही कार्डावर छापता आलं नाही.

मग वर. कमरेच्या आकडीला कोयता, खांद्यावर दोर, पाठीमागून करवतीचं मशीन. तांबड्या मुंग्यांचं घरटं कुठल्या ढापळ्यात आहे ते आधी हेरावं लागतं, कारण मुंग्या चावताना दोन्ही हात कामात असतात. फांदीला दोन ठिकाणी दोर, एक कप्पीतून खाली, तिथे माझा माणूस त्याला बुंध्याभोवती वेढा देऊन धरतो. घाव आधी खालून घालायचा, थोडासा, खाच पडेल इतका. मग जरा पुढे, वरून. नाहीतर फांदी मोडताना सालीची पट्टी बुंध्यापर्यंत सोलत नेते आणि तिथून कीड शिरते. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या गाठीजवळ सफाईने उतरवायचा, गाठीला धक्का न लावता, कारण जखम भरायची ती गाठच भरते. वर बोर्डो पेस्ट. हे मोरचूद-चुन्याचं औषध फ्रान्समधल्या द्राक्षवाल्यांकडून आलेलं, आता आमच्या कलमवाल्यांच्या बादलीत असतं.

एवढं झालं की फांदी दोरावर लोंबते, हळूहळू फिरते आणि आपल्या कौलांच्या वीतभर बाजूने खाली येते. एक कौल फुटत नाही. गाडीच्या काचेवर पान पडत नाही. आणि आपण घड्याळ बघून म्हणता, "दोनच तर घाव घातलेत. याचे एवढे?"

इथेच आपलं आणि माझं गणित फिसकटतं. आपण पडलेली फांदी मोजता. मी पैसे घेतो ते न फुटलेल्या कौलांचे. ती दिसत नाहीत, मान्य. जिथे तिथेच असतात बिचारी. ती दिसावीत म्हणून मी एकदा चार फोडून दाखवू का?

काही साहेब वेगळ्या पंथाचे. त्यांना फांदी नको, मुंडण हवं. "सगळं बोडकं करा तात्या, पाच वर्षं बघायला नको." बोडकं केलेलं झाड घाबरतं. जिथे कापलं तिथून झुबकाभर फुटवे काढतं, सरळ, उंच आणि नुसते सालीला चिकटलेले. तिसऱ्या पावसाळ्यात तेच फुटवे कौलांवर येतात. म्हणजे मला काम मिळतं, तक्रार कसली? तरी मी नको म्हणतो. धंद्याला बुडवणारा सल्ला मी मोफत देतो आणि तो कोणी घेत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. जुन्या कलमांची छाटणी कशी करावी, मधली फांदी काढून ऊन आत कसं घ्यावं, हे दापोलीचं कृषी विद्यापीठ कधीपासून सांगतं आहे. आंबा देठासकट उतरवायला त्यांनी नूतन झेलाही दिला. साहेब खाली उतरवण्याचं अवजार मात्र अजून कोणी काढलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ ही झाडं 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती मुळातून पाडायची तर परवानगी लागते. आवार नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर 1975चा कायदा. त्यात 2021 साली सुधारणा झाली: पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज', आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. तेव्हापासून एक गंमत बघतो. घर दाखवताना "आमच्या पणजोबांनी लावलेला आंबा" म्हणणारे साहेब अर्ज भरताना त्याच आंब्याला पंचवीस वर्षांचा करतात. बायकांनाच नावं ठेवतात उगाच. ऑगस्ट 2024मध्ये मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड हजारावरून पन्नास हजारांवर न्यायचं ठरवलं, तेव्हा तर मला रात्री अकराला फोन: "तात्या, उद्या पहाटे जमेल का, कोणी उठायच्या आत?" नाही जमत. मशीनचा आवाज भाट्याच्या पुलापलीकडे जातो.

दराचं बोलू. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनकडे जमिनीवर चढलं, पण आमचे मंडणगड-दापोली झोपले. पोफळीच्या बागा काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. त्या वेळी सरकारने भरपाई धरली ती माडाला अडीचशे रुपये आणि पोफळीला पन्नास. बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो आणि नातवंडांपर्यंत नारळ देतो. त्याची किंमत अडीचशे. मग जिवंत माडावर चढायचे मी शंभर मागितले की आपल्याला ते जास्त वाटणारच, माझी तक्रार नाही. मेल्या माडाचा भाव ठरलेला आहे. चढणाऱ्याचा ठरायचाय.

नारळ विकास मंडळाने 2011पासून माडावर चढायचं यंत्र आणि शिक्षण द्यायला सुरुवात केली, विमाही काढला. 'केरा सुरक्षा' त्या विम्याचं नाव. चांगली गोष्ट आहे, चेष्टा नाही. पण नावातच नारळ. मी दिवसभर आंब्या-फणसावर असतो. तोल गेलाच तर पडता पडता शेजारच्या माडाला हात लावून घ्यावा, असं भाच्याने सुचवलं आहे.

हाताखाली गावचा माणूस का नाही, हे आपण विचारलंत म्हणून सांगतो. गावची पोरं मुंबईला, बागेतली राखण नेपाळहून आलेल्या मंडळींकडे. दोर धरायला मीही त्यांच्यातलाच एक घेतो. मराठीत "सोड" आणि "धर" एवढं त्याला येतं, तेवढं पुरतं. आपल्याला एवढंही येत नाही असा अनुभव आहे. शिमग्यात मात्र होळीचा सुरमाड पाडायला अख्खा गाव कोयता घेऊन येतो, फाका मारत, फुकट. त्या दिवशी कोणी दर विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मला विचारतात.

असो. मंगळवारी सकाळी सातला येतो. उघडीप असेल तरच. भिजल्या सालीवर मी चढत नाही. विजेच्या तारेचं महावितरणशी आपण बोलून ठेवा, "तुम्ही जरा बघून घ्या" हे उत्तर चालणार नाही. गाडी बाहेर काढा. आईंना पडवीत बसवू नका. आपण स्वतः पलीकडच्या वाडीत जाऊन चहा घ्यावा.

चढण्याआधी मी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, तेवढी दोन मिनिटं आपली पाचांतून वजा होतील. बा देवा महाराजा, हो जो साहेब मुंबईसून इलो हा, तेका खाली गप उभो र्‍हवाची बुद्धी दे. होय महाराजा! (आजी मालवणकडची, गाऱ्हाणं तिच्याच बोलीत निघतं.)

कळावे, लोभ असावा.

आपला,
वरचा माणूस

ता. क. पत्र लिहून झाल्यावर फोटो मोठा करून पाहिला. फांदी आपल्या कौलांवर आहे, पण बुंधा गडग्याच्या पलीकडे. तात्पर्य, झाड शेजाऱ्यांचं. त्यांचाही फोन काल रात्री आठला येऊन गेला. म्हणाले, एकच गडगा आहे, पाडायचाय.