सोनं नको म्हणणारा जावई

अमेरिकी काँग्रेसचं पहिलं सुवर्णपदक १७७६ साली जॉर्ज वॉशिंग्टनना जाहीर झालं. कामगिरी काय, तर इंग्रजांना बोस्टनमधून पिटाळलं. २००३ साली तेच पदक जाहीर झालं इंग्रजांच्याच पंतप्रधानांना, टोनी ब्लेअरना. काँग्रेसपुढच्या भाषणात साहेबांनी, १८१४ साली इंग्रजांनी जाळलेल्या तिच्या ग्रंथालयाबद्दल हसत हसत 'सॉरी'ही म्हणून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट! (जालियनवाला बागेचा नंबर अजून लागायचाय.) पुढे, ज्यांच्या नावानं अमेरिकेच्या जोडीनं इराकवर चाल केली, ती संहारक अस्त्रं काही तिथे सापडेनात, घरचे मतदार तापलेले. मग पदक आणायला साहेबांना सवडच होईना. २००७मध्ये खुर्ची सुटली, तरी आहेर सासरीच. सोन्याला हात न लावणारा जावई आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिला.