राणीला दिवस द्या

“काय हो माई, मधपेटीच्या दारात काय न्याहाळताय एवढं?”

“नवी राणी आलीय गं सुमन. जुनी निम्म्या माश्या घेऊन उडाली. पोळ्याच्या खालच्या कडेला राणीच्या कोठ्या दिसल्या तेव्हाच मी ओळखलं. बाकीच्यांची घरं आडवी, राणीची तेवढी खाली तोंड करून लोंबते.”

“पण राणी कोण व्हायची, हे ठरवतं कोण?”

“कामकरणी माश्याच. अंडं तेच गं, फरक खाण्याचा. साध्या अळीला राजान्न, म्हणजे रॉयल जेली, तीनच दिवस, मग मध आणि पराग. राणीच्या अळीला शेवटपर्यंत राजान्न. आपल्या सातेरी माशीची राणी 15-16 दिवसांत बाहेर पडते. आणि आल्या आल्या पहिलं काम काय, तर शेजारच्या कोठ्यांतल्या बहिणींना डंख मारून संपवायचं!”

“अगं बाई! त्यापेक्षा आमच्या जावा बऱ्या. मग अंडी घालायला लागली का?”

“झालं! माझ्या सुनेच्या लग्नाला दोन महिने झाले नाहीत तर आख्खी आळी विचारतेय, काही विशेष? आता राणीच्याही मागे लागलीस? पाच-सहा दिवस तिला अंग धरू दे. मग चांगलं ऊन पडलं की दुपारची उडेल. हवेतच लग्न लागतं तिचं, तेही दहाच्या वर नरांशी.”

“दहाच्या वर? आणि आपण नुसतं माहेरी चार दिवस जास्त राहिलो तर चर्चा!”

“नर बिचारे तिथेच मरतात, म्हणून चर्चा करायला उरत नाहीत. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंडी. पण आभाळ भरून राहिलं की मुहूर्त लांबला. तीन-चार आठवडे उडताच आलं नाही, तर पुढे तिच्या अंड्यांतून नुसते नर निघतात. ना मध आणणारं कोणी, ना पिलं सांभाळणारं.”

“वरच्या आळीतल्या भाऊंचं काय झालं हो? पेटी बसली म्हणे.”

“बसेल नाहीतर काय! रोज भर दुपारी झाकण उघडायचे. माश्या बिथरल्या आणि त्यांनी राणीलाच गराडा घालून मारलं. आता कामकरणीच अंडी घालतायत. एकेका घरात तीन-तीन, चार-चार, तीही भिंतीला चिकटवलेली. भाऊ मात्र सांगत फिरतायत, राणी जोरात आहे!”

“मग खरी ओळखायची कशी?”

“चौकट धरून उन्हाकडे पाठ करायची, म्हणजे घराच्या तळापर्यंत उजेड जातो. मधोमध बारीक पांढरं अंडं, एका घरात एकच, उभं. नवखी राणी सुरुवातीला एखाद्या घरात दोन घालते, त्याने घाबरायचं नाही. आणि झाकण न उघडताही अंदाज येतो. ती बघ, पायांना परागाचे पिवळे गोळे लावून आत चालल्यात. पिलांना भरवायला लागतो तो.”

“म्हणजे झालीच की सुरुवात! उघडू या ना जरा?”

“हात मागे घे आधी. राणी कोठीतून निघाल्यापासून तीन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही, आणि लावायचा तो सकाळी, ती उडायच्या वेळेला नाही. तोवर भाऊंनी विचारलं तर सांग, घरात सगळं ठीक आहे.”