जादुई नगरीतील शाकाहार: पूर्वतयारी, प्रदक्षिणा आणि पोटपूजा

थीम पार्क म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती उभारलेले, तिकीट काढून आत जाण्याचे आणि आत गेल्यावर पुन्हा पदोपदी पैसे मोजण्याचे करमणुकीचे उद्यान होय. आणि अशा उद्यानांमध्ये अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, ओरलँडो शहराजवळ, १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे स्थान शाकाहाराच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटावे असे आहे. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या या संस्थानातील चार उद्याने, त्यांतील राजवाडे, नौका आणि पोटात गोळा आणणारे पाळणे यांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु अंड्याचा वासही न चालणाऱ्या आजी, घराबाहेर सर्व काही चालणारा त्यांचा मुलगा आणि कॉलेजात गेल्यापासून व्हीगन झालेली नात या तिघांना भर दुपारी, दमट उन्हात, एकाच टेबलाशी बसवून जेवू कसे घालावे, या मूलभूत प्रश्नाकडे त्या लेखनाने जवळजवळ पाठ फिरवली आहे. प्रस्तुत मार्गदर्शिकेचा विषय तेवढाच आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी अशा प्रवाशाला येथे ‘शाकाहारार्थी’ म्हटले असून त्याचे तीन वर्ग मानले आहेत. पहिला वर्ग जन्मसिद्धांचा: यांना दूध, दही, तूप चालते, अंडे चालत नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही चालत नाही. दुसरा वर्ग अमेरिकन पद्धतीच्या शाकाहाऱ्यांचा, ज्यांच्या मते अंडे हे मांस नसल्यामुळे ते भाजीच्या बाजूला मोडते. तिसरा वर्ग व्हीगनांचा, म्हणजे प्राण्यापासून मिळणारे काहीही, अगदी दूध आणि मधसुद्धा, वर्ज्य मानणाऱ्यांचा. वारांनुसार पहिल्या वर्गात ये-जा करणारे जे असंख्य लोक आहेत, त्यांचा स्वतंत्र विचार येथे केलेला नाही. मात्र प्रवासात संकष्टी आल्यास चंद्रोदय पुण्याचा धरावा की ओरलँडोचा, हा वाद विमानात बसण्यापूर्वीच मिटवावा, कारण राजवाड्यावरची आतषबाजी सुरू झाल्यावर आकाशातील नेमका कोणता प्रकाश उपास सोडण्यास ग्राह्य धरावा, याविषयी कुटुंबात एकमत होणे दुरापास्त असते.

पूर्वतयारीचा आरंभ आरक्षणाने होतो. येथील टेबलावर वाढणाऱ्या उपाहारगृहांत ६० दिवस आधी जागा राखून ठेवता येते, आणि भारतीय रेल्वेनेही १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून नेमकी ६० दिवसांवर आणली असल्यामुळे मराठी शाकाहारार्थ्याला यासाठी निराळ्या प्रशिक्षणाची गरज उरत नाही. हे ऑनलाइन आरक्षण फ्लॉरिडात सकाळी सहाला खुले होते, म्हणजे तेथील उन्हाळ्यात भारतातील दुपारच्या साडेतीनला. ही वेळ वामकुक्षीच्या हद्दीत येत असल्याने पुण्यातील अर्जदारांनी गजर लावावा.

त्यानंतरचा टप्पा डब्याचा. डिस्नेच्या नियमांनुसार पाहुण्यांना स्वतःपुरते खाणे उद्यानात नेता येते, फक्त ते काचेच्या भांड्यात नसावे आणि गरम करण्याची गरज पडणारे नसावे. या दोन अटी वाचून असे वाटू शकते की नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दशमी आणि दाण्याची चटणीच असावी; लोणच्याची बरणी तेवढी प्लास्टिकची हवी. खरी अडचण उद्यानाच्या फाटकावर नसून विमानतळावर आहे. अमेरिकेत शिरताना सामानातील खाद्यपदार्थ आणि शेतीजन्य वस्तू जाहीर कराव्या लागतात, आणि त्यांत कढीपत्त्यावर अधिकाऱ्यांची विशेष करडी नजर असते. नागपूरच्या संत्रा बागायतदारांना चांगला परिचित असलेला सायला नावाचा किडा कढीपत्त्याच्या झाडावरही पोसला जातो. या किड्यामार्फत पसरणारा ‘ग्रीनिंग’ हा रोग २००५ साली फ्लॉरिडात आढळला आणि तेथील संत्र्याच्या बागांची त्याने वाताहत केली. तेव्हा ताजा कढीपत्ता बॅगेत लपवून नेणारी व्यक्ती ज्या राज्यात सुट्टी घालवायला निघाली आहे, त्याच राज्याच्या प्रमुख फळाच्या मुळावर उठलेली असते. चिवड्यातील तळलेल्या पानांचे काय, हा प्रश्न सूक्ष्म आहे; चिवडा जाहीर करावा, निर्णय अधिकाऱ्यावर सोपवावा, आणि पाने वेचून काढण्याची तयारी ठेवावी.

आत गेल्यावर मेनू वाचण्याची कला लागते. भारतात पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होण्याची जी सवय अंगवळणी पडली आहे, तिला अमेरिकेत कायद्याचा आधार नाही. डिस्नेने २०१९ पासून मेनूवर हिरव्या पानाची खूण छापायला सुरुवात केली; ज्या पदार्थात मांस, दूध, अंडी आणि मध नाहीत अशा, म्हणजे वनस्पतिजन्य, पदार्थापुढे ती असते. तर्कशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हे पान आजींसाठी पुरेसे आहे, पण आवश्यक नाही: पान असलेला पदार्थ त्यांना बहुधा चालतो (कांदा-लसणाविषयी पान मौन पाळते), परंतु चीज घातलेला पदार्थ त्यांना चालत असूनही त्यावर पान नसते. चीजचेही पुन्हा सगळे सुरळीत नाही, कारण इटलीतील अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध विरजण्याऐवजी ते गोठवणाऱ्या पाचकरसाने, बनवण्याचा तेथील नियम आहे. ही माहिती आजींना जेवणापूर्वी द्यावी की नंतर, की देऊच नये, याबाबत जाणकारांत तीव्र मतभेद आहेत.

या पानाखाली जे वाढले जाते त्याचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. २०२० साली डिस्नेने आपल्या अमेरिकन उद्यानांसाठी ज्या वनस्पतिजन्य बर्गरला पसंती दिली, त्या इम्पॉसिबल बर्गरमध्ये हीम नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत आढळणारे हे द्रव्य यीस्टच्या साहाय्याने तयार केले जाते, आणि त्याच्यामुळे बर्गर कापल्यावर आतून लालसर दिसतो व मांसासारखा चवीला लागतो. ज्याने मांस सोडले आहे आणि ज्याला त्याची आठवण येते, अशा माणसाचे सांत्वन करण्यासाठी ही सारी विद्या खर्ची पडलेली आहे. आजींना असली कोणतीही आठवण नाही. त्यामुळे नक्कल जितकी हुबेहूब साधते, तितका तो पदार्थ त्यांच्या दृष्टीने अखाद्य ठरत जातो, आणि नात ज्या बर्गरचे कौतुक करते, त्याच बर्गरकडे पाहून आजी ताट सरकवतात. दोघींच्याही मतांत तत्त्वतः काही चूक नाही. शिवाय या उद्यानात नकलेविषयी तक्रार करणे अस्थानी आहे: येथील सिंड्रेलाच्या १८९ फूट उंच किल्ल्यात एकही वीट नाही, आणि अॅनिमल किंगडममधील १४५ फुटी जीवनवृक्षाचा सांगाडा समुद्रातील तेलविहिरीवरच्या मनोऱ्यासारखा बांधलेला असून त्याची लाखभर पाने कृत्रिम आहेत. झाडच जेथे वनस्पतिजन्य नाही, तेथे बर्गर वनस्पतिजन्य निघतो हेच आश्चर्य मानावे.

प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलेले एप्कॉट हे उद्यान सर्वांत फलदायी आहे, कारण तेथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने वसवली आहेत. तळे उजव्या हाताला ठेवून, म्हणजे शास्त्रोक्त प्रदक्षिणेच्या दिशेने, निघाल्यास पहिले मेक्सिको लागते. तेथे राजमासदृश घोटलेल्या घेवड्याविषयी विचारावे, कारण परंपरेने तो डुकराच्या चरबीत परततात. नॉर्वेत स्कूल ब्रेड नावाचा खोबरे लावलेला गोड पाव मिळतो आणि त्याच्या पोटात अंड्याचे कस्टर्ड असते. चीन, जर्मनी, इटली आणि अमेरिका ही दालने भराभर ओलांडावीत. अमेरिकेत तर मांस धुरावर भाजण्याचा वास स्वतःच पुढे येऊन स्वागत करतो. जपानशी मात्र थांबून सावध व्हावे, कारण भाज्यांच्या नूडल्सचा निर्मळ दिसणारा रस्सा हा बहुधा दाशी असतो, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांचा काढा. त्यात मासा दिसत नाही आणि ‘फिश आहे का’ या प्रश्नाला घाईतला वाढपी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. प्रश्न ‘रस्सा कशाचा आहे’ असा विचारावा. मोरोक्कोत चण्याचे कुटुंब, म्हणजे हमस आणि फलाफल, भेटते आणि दमलेल्या शाकाहारार्थ्याच्या जिवात जीव येतो. फ्रान्सच्या दालनात २०२१ साली सुरू झालेली एक लोकप्रिय सफर ‘रातातुई’ या पदार्थाच्या नावाची आहे. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांची ही निर्भेळ भाजी असूनही सफरीत प्रवाशाला भाजी मिळत नाही, उंदीर होऊन स्वयंपाकघरातून पळण्याचा अनुभव तेवढा मिळतो. पुढे युनायटेड किंग्डममध्ये बटाट्याचे चिप्स कोणत्या तेलात तळले याची चौकशी करावी. ही चौकशी अतिरेकी समजू नये: अमेरिकेतील फ्राइजमध्ये गोमांसजन्य स्वाद असल्यावरून झालेल्या दाव्यांत मॅकडोनाल्ड्सने २००२ साली १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती. शेवटच्या कॅनडाचे चेडर चीजचे सूप विख्यात आहे, आणि त्याच्या प्रसिद्ध पाककृतीत बेकन व कोंबडीचा स्टॉक या दोहोंचा समावेश आहे.

या अकरा देशांत भारत नाही, ही गोष्ट आजींसोबत आलेल्या आजोबांच्या प्रथम लक्षात येते आणि ते ती सर्वांच्या लक्षात आणून देतात. भारताची सावली मात्र अॅनिमल किंगडममध्ये सापडते, जेथे ‘आनंदपूर’ नावाचे काल्पनिक राज्य वसवले आहे. त्यात महाराजांच्या नावाची वाट असून तिच्यावर वाघ आहेत, पण महाराजांच्या मुदपाकखान्याचा पत्ता नाही. शोधाची सांगता त्यामुळे जवळच्या अॅनिमल किंगडम लॉजमध्ये करावी लागते. तेथील सना हे उपाहारगृह आफ्रिकेच्या नावाने चालते, आणि त्याचा सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे नान, कुलचा आणि पनीर पराठा यांची परडी व तिच्यासोबत येणाऱ्या नऊ वाट्या, ज्यांत कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, काकडीची कोशिंबीर आणि लसणाचे लोणचेही असते. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. हजारो मैल उडून, आफ्रिकेचा देखावा केलेल्या अमेरिकन हॉटेलात, चिंचेच्या चटणीशी नान खाताना आजी प्रथमच समाधानाने मान डोलावतात. नातीने मात्र पनीर, नानमधील दूधदुभते आणि दह्याच्या वाट्या वगळून उरलेल्या वाट्यांवर भिस्त ठेवावी.

शंकानिरसनासाठी कर्मचाऱ्यांना, ज्यांना येथे ‘कास्ट मेंबर’ म्हणजे नाटकातील पात्र म्हणतात, निःसंकोच विचारावे. टेबलावर वाढणाऱ्या ठिकाणी अनेकदा शेफ स्वतः बाहेर येऊन काय घेता येईल ते सांगतात. यात एक कुप्रथा नोंदवणे भाग आहे. अंडे चालत नाही हे समजावून सांगण्याचा कंटाळा येऊन काही यजमान आपल्या आईला अंड्याची अॅलर्जी असल्याचे जाहीर करतात, मग स्वयंपाकघर वेगळी भांडी काढते, जेवण उशिरा येते, आणि तोवर त्याच आईने शेजारच्या ताटातला केक चाखलेला असतो. अॅलर्जी हा काहींच्या जिवाशी संबंधित विषय असल्याने ही युक्ती सर्वथा त्याज्य समजावी.

तिन्ही वर्गांना एकाच वेळी चालणारा पदार्थ एकच निश्चित सांगता येतो, तो म्हणजे डोल व्हिप: अननसाच्या चवीचे, दूध नसलेले, थंडगार घट्ट फेसासारखे मिष्टान्न. ते व्हॅनिलाशी एकत्र वळवून देण्याचीही पद्धत आहे. त्या व्हॅनिलात दूध असल्यामुळे नात बाद होते, म्हणून मागताना ‘फक्त अननस’ असे दोनदा म्हणावे. एकादशीला ते चालते का, याबाबत धर्मशास्त्र मूक आहे आणि आजी बोलक्या आहेत. त्यांचा निर्णय अंतिम मानावा.

ज्यांना हे सर्व झेपणार नाही त्यांनी डिस्नेच्याच एका शयनगृहाच्या व्हिला घ्याव्यात, ज्यांत शेगडीसह पूर्ण स्वयंपाकघर असते, आणि रात्री मुगाची खिचडी लावावी. तेल तापण्यापूर्वीच शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने सुरू करावा, मोहरी तडतडेपर्यंत धूरसूचक यंत्राखाली एका व्यक्तीने टॉवेल हलवत उभे राहावे, आणि हिंगाची डबी परतीच्या बॅगेत भरताना ती दोन पिशव्यांत घट्ट बांधावी, नाहीतर शेजाऱ्यांसाठी घेतलेल्या मिकीच्या कानांच्या टोप्या वाटताना खुलासा करावा लागतो.