पीपीएमवाले भाऊ

दिघ्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला, चौथ्या मजल्यावर, भाऊंचा समुद्र. तीन फुटी, काचेचा, हप्त्यावर घेतलेला, म्हणजे खाऱ्या पाण्याची माशांची टाकी.

भाऊ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. आठवडाभर टायट्रेशन करून, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजून, दमलेला माणूस रविवारी विरंगुळा म्हणून टायट्रेशनच करतो. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा सगळे म्हणाले, "ऐरोलीपर्यंतची रिक्षा वाचली." भाऊ म्हणाले, "टाकीचं मॅग्नेशियम तपासायचं किट निघालं."

टाकीत मासे दोनच, क्लाउनफिश. कॅल्शियम लागणारे दगडी प्रवाळ नाहीत; ते २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित, आणि भाऊ कायद्याला घाबरून असतात. मग कॅल्शियम लागतं कोणाला? दोन गोगलगायींना आणि दगडावर चढलेल्या गुलाबी शेवाळाला. या कुटुंबासाठी कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत इतक्या भागांच्या, आसपास हवं. पैकी मॅग्नेशियम आधी तपासायचं. ते घसरलं की कॅल्शियम पाण्यात टिकत नाही. कार्बोनेटशी संगनमत करून पांढरा थर बनून पंपावर जाऊन बसतं. हे भाऊ दूधवाल्यालाही समजावतात. वहिनींना डॉक्टरांनी कॅल्शियम तपासायला सांगून सहा महिने झाले, त्यांची ती चिठ्ठी मात्र टाकीच्या झाकणाखाली, ओल लागू नये म्हणून घातलीय.

चाचणीच्या वेळी घरात पंखा बंद. सिरिंजने मोजून घेतलेलं पाणी, त्यात चिमूटभर पावडर, की पाणी गुलाबी. मग एकेक थेंब. ते निळं झालं की थांबायचं. पण निळं झालं कधी, यावर एकमत नाही. भाऊ बाटली खिडकीशी धरतात आणि शेजाऱ्यांना साक्षीला बोलावतात.

"जांभळं की निळं?"

"निळसर."

"निळसर असं रीडिंग नसतं हो!"

खालच्या मजल्यावरच्या आगरी आजी एकदा वर आल्या. खाडीकाठी जन्म गेलेला. मिठाची बादली, माशांची जोडी, सगळं नीट बघून म्हणाल्या, "यवरा मीठ घातलास, आता रांधाचा कवा?" भाऊंनी त्यांना आयनांचं संतुलन सांगितलं. आजींनी जाताना कोकम द्यायची तयारी दाखवली.

आकडा चुकला की भाऊ खुशीत असतात. डोस मोजायचा, वही भरायची, पुढच्या रविवारची सोय. पंचाईत होते ती आकडा बरोबर आला की. मागे मॅग्नेशियम नेमकं १३०० आलं आणि भाऊंची झोप उडाली. इतकं बरोबर कसं? किटची मुदत बघितली, संपलेली नव्हती. मग दुसऱ्या कंपनीचं किट आणलं. त्यात १२२० आलं. आता खरं कोण, हे ठरवायला तिसरं किट मागवलंय.

मासे मजेत आहेत. त्यांना अजून कोणी आकडा सांगितलेला नाही.