ताणलेल्या टायरची थोरवी

रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याच्या कलेला अद्याप राजाश्रय नाही, याचा खेद वाटतो. २०५/५५ आर १६ टायरला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते, असं तक्त्यात छापलेलं असतं. पण हौसेने दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरची रिम घेतलेल्या माणसाने तक्ते वाचायचे कशाला? टायर ताणला की त्याची बाजू आत झुकते, रिमची चकाकती कड उघडी पडते आणि खड्ड्याला थेट अलॉयशी बोलता येतं. मध्ये रबराचा दलाल नको. हवा कमी झाली तर वळणावर टायर रिम सोडून स्वतंत्र प्रवासाला निघू शकतो. (चालकाला मात्र ही सवलत नाही.)

आमची नम्र सूचना: आता टायरच वगळावा आणि रिमवर लोखंडी धाव चढवावी. ना पंक्चर, ना मापाची कटकट.

ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांनी म्हणे धावा टाकून केव्हाच टायर घेतले. परवा कारखान्याच्या रस्त्यावर एक स्पोर्ट्स कार तिरकी होऊन स्पीडब्रेकर ओलांडत होती. मागच्या बैलांनी थोडी वाट पाहिली, मग ओव्हरटेक केलं.