फुलांचा जेसीबी

२०२५च्या ऑगस्टनं श्रीरामपूरजवळच्या बेलापूरकरांच्या पदरात सलग तीन सुट्ट्या टाकल्या. शुक्रवारी १५ ऑगस्ट, शनिवारी गोपाळकाला, रविवार तर हक्काचाच. सकाळी पोरांची प्रभातफेरी, दुसऱ्या दिवशी हंडी, तिसऱ्या दिवशी पिक्चर. आदल्या गुरुवारीच दोन मोठे सिनेमे लागलेले. बेत सरळ होता. मध्ये जेसीबी आला.

फुलं उधळायला आला.

कोणाची तरी कशावर तरी निवड झालेली असते. ‘कोणाची’ ते फ्लेक्सवर दहा फुटांत दिसतं, ‘कशावर’ ते शोधायला चष्मा लागतो. जेसीबीच्या पुढच्या बकेटात साधारण एक घनमीटर माल मावतो. एरवी हा माल म्हणजे मुरूम, गाळ आणि उकिरडा. त्या दिवशी झेंडू. बकेट धुतलं होतं का, असं विचारणारा माणूस गावच्या प्रगतीच्या आड येतो म्हणून कोणी विचारत नाही. पण सत्कारमूर्तींच्या पांढऱ्या शर्टावर पाकळ्यांसोबत जे काळपट काही उतरलं, ते झेंडूचं नव्हतं.

दहीहंडीला २०२२ साली साहसी खेळाचा दर्जा मिळाला, तो थर लावणाऱ्यांसाठी. खरं साहस बकेटात होतं. सात टनांच्या यंत्राच्या टोकाला पाकळ्यांचं पोतं कवटाळून दोन पोरं उभी, आणि खाली लिव्हर धरलेला ऑपरेटर एका हातानं तंबाखू मळतोय. आता एका जेसीबीत मान राहत नाही म्हणून दुसरा येतो, दोघांच्या मध्ये क्रेन, क्रेनला वीस फुटी हार. हार मोठा, मान एकच. तेव्हा सत्कारमूर्ती हाराखाली जाऊन, कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली थांबावी तसे, खूण होईपर्यंत थांबतात. मग फुलं पडतात, आणि ड्रोनवाला सांगतो की रेकॉर्डिंग चालूच नव्हतं. रीलशिवाय निवड ग्राह्य धरली जात नसावी. त्यामुळे पडलेली फुलं रस्त्यावरून गोळा होतात, परत बकेटात जातात, आणि दुसऱ्या खेपेला पाकळ्यांबरोबर खडी, गुटख्याच्या पुड्या आणि कुणाची तरी चप्पल यांचीही पुष्पवृष्टी होते. डीजे तोवर थांबत नाही.

भाव पडला की शेतकरी हाच झेंडू रस्त्यावर ओततो, तेव्हा चार ओळींची बातमी येते. यांनी ओतला की सोहळा. सकाळी तो चिखल झाडूनं ओढणाऱ्या बायांवर कोणी पाकळी टाकत नाही. आणि ज्या गटारासाठी पावसाळ्याच्या आधीपासून जेसीबी मागावा, त्या गटाराला तो कधी मोकळा सापडत नाही. डिझेल नाही, ऑपरेटर गावाला गेलाय, पाइप फुटलाय! मिरवणुकीच्या दिवशी मात्र पाइपही शाबूत, ऑपरेटरही हजर आणि टाकी काठोकाठ.

रविवारी लोक पिक्चरला निघाले. श्रीरामपूर पाच-सहा किलोमीटर. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशनही तिथंच आहे, त्यामुळे इथल्या माणसाला बेलापूरला उतरूनही बेलापूरला जायची गाडी शोधावी लागते. पण त्या दिवशी अडचण गावातच होती. कालचा क्रेनवाला हार उतरवायला आला होता आणि आडवा उभा राहून पुढं-मागं करत होता. दोन्हीकडं हॉर्न. शेवटी एका काकांनी खाली उतरून क्रेनला वळण सांगितलं, तेही एवढ्या अधिकारानं की पुढच्या वर्षी त्यांचीही कशावर तरी निवड व्हावी.

पहिली वीस मिनिटं बुडाली. पडद्यावर हीरोची एंट्री चालूच होती. शिट्ट्या, धूर, स्लो मोशन. मागच्या रांगेतलं सहा वर्षांचं पोरगं वडिलांना विचारत होतं, याला जेसीबी का नाही.

सोमवारी गटारासाठी पुन्हा फोन लावला गेला. पलीकडून आवाज आला, “२७ला गणपती बसतायत, तोवर गाडी बुक आहे. गटाराचं विसर्जनानंतर बघू.”