हंगामातला चित्रकार : घरच्यांसाठी नियमावली

दसरा उलटला की चित्रकाराचा हंगाम सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. भिंती वाळलेल्या असतात, ऊन सोसवतं, शाळांची संमेलनं तोंडावर येतात. वर्षभर कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस एकाएकी सगळ्यांना हवासा होतो. चित्र कसं काढावं यावर पुस्तकं ढिगाने आहेत. चित्र काढणाऱ्याला कसं सांभाळावं यावर एकही नाही. बँकेच्या काउंटरमागे उभी हयात गेल्यामुळे मला परिपत्रकाची भाषा येते. त्या अधिकारात ही नियमावली जारी करत आहे.

नियम 1. फोन चित्रकाराने उचलू नये.

कारण चित्रकार 'हो' म्हणतो. आमच्या ह्यांना 'नको' हा शब्द फक्त दुसरा भात वाढताना आठवतो. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात ते शाळेची भिंत, कुणाच्या तरी वास्तुशांतीत द्यायचं निसर्गचित्र आणि वाईचा घाट एवढं सगळं कबूल करून बसतात. 'अहो, जमणार कसं?' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'अगं, भिंत काय, सकाळी होईल.' सबब फोन घरच्यांनी घ्यावा आणि 'साहेब परांचीवर आहेत' असं सांगावं. साहेब त्या वेळी पलंगावर असले तरी चालेल.

नियम 2. भिंत आधी हाताने बघावी, मग डोळ्यांनी.

या नियमाला पोटनियम पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, 'भिंत तयार आहे, तुम्ही फक्त ब्रश घेऊन या.' ही भिंत कधीही तयार नसते. तळहात फिरवावा, पांढरी पूड हाताला लागली तर जुना चुना आहे, तो खरवडल्याशिवाय वरचा रंग टिकणार नाही. जमिनीपासून हातभर वर ओलीची रेघ दिसली, किंवा खार फुटलेला असला, तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधायला लावावं. नाही तर पावसाळ्यानंतर चित्रातल्या मुलांचे पाय गळून पडतात, आणि लोक चित्रकाराला विचारतात. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस त्याला हात लावू नये. मग सिमेंट प्रायमर, मग बाहेरच्या कामाचं इमल्शन, त्यात लागतील तसे स्टेनर. लहान चित्रावर चौकटी आखाव्यात, भिंतीवर खडूची दोरी मारून त्याच चौकटी मोठ्या कराव्यात, आणि नाक ज्या चौकटीत असेल त्याच चौकटीत काढावं. हे मला सगळं येतं. फक्त चित्र येत नाही.

आता माप. भिंतीचे पैसे चौरस फुटावर ठरतात आणि गिऱ्हाईक खिडक्या वजा करतं. ही चलाखी नीट समजून घ्यावी. खिडकी आहे म्हणून काम कमी होत नाही, वाढतं. तिच्या चारी कडांना कागदी टेप लावायची, गजांवर थेंब पडू द्यायचे नाहीत, आणि झाड खिडकीच्या मागून गेल्यासारखं दिसायला हवं म्हणून फांदी अलीकडे थांबवून पलीकडे बरोबर त्याच उंचीवर सुरू करायची. एका संस्थेने तर आमच्या मापातून खिडक्या, दार आणि नोटीस बोर्ड हे सगळं वजा केलं. उरली ती भिंत होती की जाळी, ठाऊक नाही. तेव्हापासून करारात 'खिडक्या-दारं धरून' असं मी स्वतःच्या हाताने लिहिते.

2016 पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं आणि गावोगावच्या नगरपालिकांना आपल्या भिंती दिसू लागल्या. चांगलं झालं, पुष्कळ रंगाऱ्यांच्या आणि कलाशिक्षकांच्या चुली त्यावर पेटल्या. पण हे काम येतं ते तपासणीचं पथक निघाल्यावर. रात्री दिवे लावून ओला कचरा आणि सुका कचरा यांच्या हसऱ्या बादल्या काढाव्या लागतात. बादली हसते कशी हे जे. जे.मध्ये शिकवत नसावेत.

नियम 3. बघ्यांची उत्तरं घरच्यांनी पाठ करून ठेवावीत.

प्रश्न तीनच असतात. 'प्रिंट आहे का?' नाही. 'किती पडतात?' पुरेसे. 'माझा भाचा पण असंच काढतो.' वा! भाच्याला आणा, डबे धुवायला माणूस हवाय. हे तिसरं उत्तर दिलं की गर्दी पांगते. एक मात्र खरं, लहान मुलं काही विचारत नाहीत. ती डब्यांपाशी उकिडवी बसतात आणि पिवळ्यात निळा पडला की श्वास रोखतात. त्यांना हाकलू नये. ह्यांना विचाराल तर ते त्यांच्याच हातात ब्रश देतील आणि खालचं सगळं गवत त्यांच्याकडून काढून घेतील. ते गवत कधी कधी वरच्या झाडापेक्षा बरं निघतं.

नियम 4. परांचीवर चढलेल्या माणसाला गॅसच्या टाकीबद्दल विचारू नये.

नियम 5. प्रदर्शन.

मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीरमध्ये प्रदर्शन लागावं ही आमच्याकडच्या प्रत्येक चित्रकाराची आस. दालन 1952 सालचं, आणि अर्ज केल्यावर तारीख मिळेपर्यंत वर्षं जातात. आमच्या मुलीचं लग्न ठरण्याआधी ह्यांची जहांगीरची तारीख ठरली होती. मुहूर्त काढताना गुरुजींना तो आठवडा सोडूनच बघायला सांगितलं. प्रदर्शन मंगळवारी उघडतं आणि सोमवारी उतरतं, म्हणजे आदल्या संध्याकाळी कुणाची तरी चित्रं उतरत असताना आपली दारात उभी असतात. फ्रेमा गोधड्यांत गुंडाळून न्याव्यात. हातोडी, खिळे, पातळी बघायची नळी आणि सुतळी आपली न्यावी. तिथे मागायला गेलं तर शेजारच्या दालनातला चित्रकारही तेच मागत उभा असतो.

तिथलं सामोवार उपाहारगृह 2015 मध्ये बंद झालं. तेव्हापासून चहाला आलो म्हणून चित्रं बघणारे कमी झाले. उरले ते एसीसाठी येणारे. त्यांचा अनादर करू नये, घाम वाळेपर्यंत ते मनापासून बघतात. 'अगदी फोटो वाटतो हो' म्हणणाऱ्यांना हसून नमस्कार करावा आणि चित्रकाराला बाहेर चहाला न्यावं.

किमती मापावर ठेवाव्यात, सारख्या आकाराला सारखी. चित्रकाराला एकट्याला किमती लावू देऊ नयेत. ज्या चित्रावर ह्यांचा जीव असतो त्याची किंमत ते अशी लावतात की गिऱ्हाईक यादी मिटून ठेवतं. मला वाटायचं, व्यवहार कळत नाही. आता कळतं की पूर्ण कळतो. अशी न विकलेली बरीच चित्रं आमच्या पलंगाखाली आहेत आणि केर काढताना ती मलाच सरकवावी लागतात.

नियम 6. रविवार मोकळा ठेवावा.

वरचे सगळे नियम खरं तर या एका नियमासाठी आहेत. हंगामात एखादा तरी रविवार चित्रकाराला नदीकाठी सोडावं. आमच्याकडे वाई किंवा मेणवली. वाईला रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेला ढोल्या गणपती, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती मोठी घंटा. चित्रकार मंडळींनी हे सगळं इतक्यांदा काढलंय की घाटाच्या पायऱ्या आता आपोआप पोज देत असाव्यात.

सावलीत बसवावं. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो, मग रंग गडद लागतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. सावल्या आधी धराव्यात, त्या थांबत नाहीत, देऊळ थांबतं. थंडीत सकाळी नदीकाठी वॉश वाळता वाळत नाही आणि ऊन चढलं की ब्रश फिरवेपर्यंत कड धरतो. मधला जो वेळ असतो त्यात बोलू नये. मी पोथी वाचते म्हणून सांगते आणि ह्यांच्याकडे बघत बसते. भिंतीवर चार महिने कपाळाला आठ्या घालणारा हा माणूस तिथे शीळ घालतो. कुणीही पैसे देणार नसतं, कुणी माप काढणार नसतं. डबा उघडायची आठवण आपणच करावी.

नियम 7. बिल मागायला चित्रकाराला पाठवू नये.

सरकारी बिलं 31 मार्चच्या आत निघायला लागतात, नाही तर पुढच्या तरतुदीची वाट बघा. फेब्रुवारीतच जावं, सोबत मापाची प्रत, काम होण्याआधीचा नि नंतरचा फोटो आणि आवाज न्यावा. गेल्या साली मला ताप होता म्हणून ह्यांना पाठवलं. टेबलावरच्या क्लार्कचं सुरेख स्केच करून दिलं, त्यांनी चहा पाजला, साहेबांशी ओळख करून दिली. संध्याकाळी हे खुशीत घरी. बिलाचं विचारायचं राहिलं होतं. मात्र कार्यालयाच्या मागच्या कुंपणाची अख्खी भिंत ठरवून आले होते, पंधरा दिवसांत द्यायची.

'माप घेतलंत?'

'घेतलं,' ते विजयी मुद्रेने म्हणाले, 'आणि अगं, एकही खिडकी नाही!'